हस्तलिखितांच्या छायाप्रती आणि वेब सर्व्हरची दफ्तरदारी

राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील एखाद्या पत्राचा आधार द्यावयाचा झाल्यास खंड व लेखांक एवढें लिहिलें कीं पुरतें. सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी त्या दोन आंकड्यांवरून तेंच पत्र आजहि वाचकाच्या हातीं येतें. उलट, गेल्या दहापंधरा वर्षांत आमच्या त्रैमासिकाच्या टीपांत जो नवा आधार येऊं लागला आहे, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, त्याची स्थिति काय आहे हें पाहण्यासाठीं आम्हीं गेल्या वर्षीं जुने अंक काढून त्यांतील पत्ते एकामागून एक उघडून पाहिले. बरेच उघडले नाहींत. खेदाची गोष्ट ही कीं, न उघडणाऱ्यांत आमच्या मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळाचेहि पत्ते होते.

त्यांपैकीं एक पत्ता विशेष महत्त्वाचा. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला जो महापूर आला त्यांत नदीकांठच्या एका घराण्याकडील दोन बाडें भिजलीं. पानें एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाला. सुदैवानें त्यापूर्वीं तीन वर्षें, म्हणजे २०१६ सालीं, त्यांच्या छायाप्रती घेऊन आम्हीं त्या मंडळाच्या संकेतस्थळावर ठेविल्या होत्या व एका लेखाच्या टीपेंत त्यांचा पत्ता छापला होता. मूळ गेलें, छायाप्रत राहिली; आणि तिच्याकडे जाण्याची छापील वाट तेवढी एकच. ती वाट २०२१ पासून बंद होती. बंद करणारे दुसरे कोणी नसून आम्हीच होतों. हें कसें घडलें, वाट पुन्हां कशी उघडली आणि अद्याप काय उणें आहे, हें सांगावयाचें तर वेब सर्व्हर म्हणजे काय व त्याची व्यवस्था कशी चालते, हें अगोदर सांगणें प्राप्त आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकजण आपापले संग्रह अशा रीतीनें लोकांपुढें मांडण्याच्या विचारांत आहेत, हें जाणून आम्ही थोडा विस्तारहि करणार आहों.

वेब सर्व्हर हा शब्द व्यवहारांत दोन अर्थांनीं योजला जातो, आणि त्यामुळें नवख्याचा घोटाळा होतो. एक अर्थ यंत्राचा: अहोरात्र चालू असलेला, इंटरनेटला जोडलेला संगणक. दुसरा अर्थ त्या यंत्रांत चालणाऱ्या प्रोग्रामाचा. येथें आम्ही हा दुसरा अर्थ घेतों. या प्रोग्रामाचें काम दफ्तरखान्यांतील कारकुनासारखें आहे. वाचक आपल्या ब्राउझरांत पत्ता लिहितो. ती मागणी यंत्राच्या ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टावर येते. कारकून पत्त्यावरून कपाट, खण, रुमाल ओळखून हवें तें पान काढतो, त्यावर तीन आंकडी शेरा मारून पाठवितो आणि दिल्याची नोंद आपल्या वहींत करितो. कपाट कोणतें, कोणास काय द्यावयाचें, काय द्यावयाचें नाहीं, नोंद कोठें करावयाची, हें सर्व त्याला अगोदर लिहून द्यावें लागतें. हें लिहून देणें म्हणजेच कॉन्फिगरेशन. स्वतःच्या अकलेनें तो कांहींहि करीत नाहीं. आणि चुकीचें लिहून दिलें तर तेंहि तितक्याच निष्ठेनें पाळतो.

या कारकुनाचा इतिहास फार जुना नाहीं. जिनीव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं मार्च १९८९ मध्यें आपली योजना मांडली व १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर पहिला वेब सर्व्हर चालूं झाला. कोणी तो चुकून बंद करूं नये म्हणून, हें यंत्र सर्व्हर आहे, बंद करूं नका, अशा आशयाची तांबड्या शाईची चिठ्ठी त्यावर डकविली होती. सर्व्हरव्यवस्थेचा आद्य लेख म्हणून आम्ही या चिठ्ठीला मान देतों. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें सर्व सार्वजनिक केलें. त्याच सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रांत रॉब मॅकूल यांनीं लिहिलेला दुसरा सर्व्हर प्रसार पावला. पुढें १९९४ मध्यें मॅकूल तेथून गेले, ग्रंथ कर्त्यावांचून राहिला, आणि तो वापरणारे लोक आपापल्या प्रतीला ठिगळें लावूं लागले. हीं ठिगळें एकत्र करून १९९५ च्या एप्रिलांत जो प्रोग्राम बाहेर पडला तोच अपाची. वर्षभरांत त्यानें एनसीएसएच्या सर्व्हरला मागें टाकलें. नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं दोन मतें आहेत. ठिगळांचा, म्हणजे इंग्रजींत ‘अ पॅची’ सर्व्हर, हें एक. अमेरिकेंतील अपाची या मूलनिवासी लोकांविषयींच्या आदरानें ठेविलेलें नांव, हें दुसरें. पहिली व्युत्पत्ति मागून सुचलेली असावी असें आमचें मत. श्लेषावर बसविलेल्या व्युत्पत्ति बहुधा अशाच असतात. २००४ सालीं रशियांतील इगोर सिसोएव्ह यांनीं प्रसिद्ध केलेला एन्जिनएक्स हा सर्व्हर एकाच वेळीं हजारों मागण्या थोड्या सामग्रींत भागविण्यांत सरस आहे. आमच्याकडे मात्र अपाचीच चालतो, म्हणून पुढील विवेचन त्याला धरून आहे.

अपाचीची कॉन्फिगरेशनची फाइल साध्या मजकुराची असते. सामान्यतः एका ओळींत एक आज्ञा. ‘डॉक्युमेंटरूट’ म्हणजे कपाट कोणतें. ‘सर्व्हरनेम’ म्हणजे स्थळाचें नांव कोणतें. ‘कस्टमलॉग’ म्हणजे नोंदवही कोठें. ही फाइल प्रथम हातीं आली तेव्हां, आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या आम्हांस तिच्या शब्दांपेक्षां तिची घडण ओळखीची वाटली. ‘डिरेक्टरी’ असा मथळा घालून त्यापुढें फोल्डराचें नांव लिहिलें कीं, मथळा मिटेपर्यंतच्या सर्व आज्ञा त्या फोल्डराला लागतात. हें अधिकारसूत्रच झालें. बाहेरच्या फोल्डराला सांगितलेलें आंतील फोल्डरांस आपोआप लागूं होतें, ही अनुवृत्ति. आंतल्यासाठीं निराळें सांगितलें तर तें बाहेरच्याला बाधतें. हा उत्सर्ग आणि अपवाद. आणि एकाच फोल्डराविषयीं दोन ठिकाणीं परस्परविरुद्ध आज्ञा आढळल्या तर मागाहून आलेली प्रमाण मानावयाची. येथेंहि पाणिनीचा विद्यार्थी अडखळत नाहीं.

परंतु हें साम्य फार ताणूं नये, कारण तें जेथें तुटतें तेथेंच अपघात होतात. ‘ऑप्शन्स’ ही एक आज्ञा घ्या. तिच्यांतील शब्दांपूर्वीं अधिक किंवा उणें हें चिन्ह असेल तर बाहेरून आलेल्या सवलतींत तेवढी भर किंवा घट होते. चिन्ह नसेल तर अनुवृत्ति सबंध तुटते व फक्त नवें लिहिलेलें उरतें. ‘इंडेक्सेस’ ही त्यांतील एक सवलत अशी कीं, फोल्डरांत मुखपृष्ठाची फाइल नसल्यास सर्व्हर त्या फोल्डरांतील फाइलींची यादीच वाचकापुढें मांडतो. एका घराण्यानें केवळ अभ्यासासाठीं, प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर, दिलेल्या छायाप्रतींचा फोल्डर आमच्याकडे या यादीच्या रूपानें कांहीं दिवस उघडा राहिला होता. पाहिला कोणीं नाहीं, हें नोंदवहीवरून ठरलें. पण तें केवळ दैव. संग्राहकांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, जें प्रसिद्ध करावयाचें नाहीं तें या कपाटांत ठेवूंच नये. कुलूप लावण्यापेक्षां वस्तु घरीं ठेवणें बरें.

उत्सर्गाविषयीं आणखी एक गोष्ट. सर्वांत बाहेरच्या फोल्डराला, म्हणजे यंत्राच्या अख्ख्या फाइलसंचाला, ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ म्हणजे कोणासहि कांहीं देऊं नये असें प्रथम सांगावें, आणि जें द्यावयाचें त्या एका फोल्डराला ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ हा अपवाद करावा. हा क्रम उलटा करून चालत नाहीं, हें २०२१ सालीं सर्व जगाला कळलें. त्या वर्षीं निघालेल्या अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तींत एक दोष राहिला होता, ज्यायोगें पत्त्यांत कांहीं विशिष्ट चिन्हें घालून कपाटाबाहेरील फाइलीहि मागतां येत. ऑक्टोबरांत दुरुस्तीची २.४.५० ही आवृत्ति निघाली. ती अपुरी ठरून लागलीच २.४.५१ काढावी लागली. ज्यांच्या फाइलींत बाहेरचा नकार जागेवर होता त्यांच्याकडील मागण्या त्या नकारावर आदळून परत गेल्या. ज्यांनीं तो काढून टाकला होता ते उघडे पडले. यावरून आवृत्ति वेळच्या वेळीं बदलणें किती अगत्याचें हेंहि दिसून येईल.

फाइलींच्या परवान्यांचें थोडक्यांत सांगतों. वाचण्यास ४, लिहिण्यास २, चालविण्यास किंवा फोल्डरांत शिरण्यास १, अशी किंमत धरून मालक, त्याचा गट व इतर या तिघांचे तीन आंकडे लिहितात. छायाप्रतीला ६४४ व फोल्डराला ७५५ पुरतात. छायाप्रत जागेवर असूनहि ४०३ हा नकाराचा शेरा येत असेल तर पुष्कळदां कारण येथें सांपडतें. ७७७ लिहून मोकळें होण्याचा मोह टाळावा. तो दफ्तरखान्याची किल्ली चावडीवर टांगण्याचा प्रकार आहे.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. २०२१ पर्यंत आमच्या संकेतस्थळावरील फोल्डर विषयवार व कालवार होते: बखरी, शिवकालीन पत्रें, वेदान्त, ज्योतिष, इत्यादि. पत्त्यांतहि हीच नांवें येत. वर सांगितलेलीं दोन बाडें ‘शिवकालीन पत्रें’ यांत घातलीं होतीं. पुढें अक्षरवळण व मायने तपासतां तीं मूळ पत्रें नसून पेशवाईच्या उत्तरकाळांत केलेल्या नकला आहेत, असा निर्णय झाला. तेव्हां त्या वर्षीं संकेतस्थळाचा जीर्णोद्धार करितांना आम्हीं तीं बाडें ‘उत्तरकालीन नकला’ या नव्या फोल्डरांत हालविलीं. शास्त्रदृष्ट्या हें बरोबरच होतें. परंतु फोल्डराबरोबर पत्ता बदलला आणि छापील टीप खोटी पडली. संशोधनाचें पाऊल पुढें पडलें आणि त्याच पावलानें मागची वाट पुसली.

पत्त्यांत बदलूं शकेल असें कांहींहि नसावें, असें बर्नर्स-ली यांनींच १९९८ सालीं एका टिपणांत सविस्तर मांडलें होतें. हस्तलिखितांच्या बाबतींत बदलूं शकत नाहीं असें काय आहे? काल नव्हे; पुष्पिकेंतील शक पुष्कळदां नकलकारानें मूळ प्रतींतून जसाच्या तसा उतरविलेला असतो. कर्ता नव्हे, एकाच नांवाचे दोन ग्रंथकार निघतात. विषय नव्हे, खुद्द मालकहि नव्हे, कारण संग्रह विकले जातात व दान दिले जातात. बदलत नाहीं तो फक्त दाखल क्रमांक. तो निरर्थक असतो म्हणूनच टिकतो. म्हणून आतां आमचा प्रत्येक पत्ता दाखल क्रमांक व पान एवढ्यावर उभा आहे. काल, विषय, कर्ता यांची चर्चा पानावरील मजकुरांत होते, तेथें ती हवी तितक्या वेळां बदलावी. पत्त्याच्या शेवटीं फाइलीचा प्रकार दाखविणारीं तीनचार अक्षरें येतात तींहि आम्हीं काढून टाकलीं. आज एका प्रकारानें केलेलें पान उद्यां दुसऱ्या प्रकारानें होईल.

पत्ता हालवावाच लागला तर काय करावें, याचीहि सोय सर्व्हरांत आहे, आणि आम्हीं ती त्या वेळीं केली नाहीं हा खरा दोष. सर्व्हरच्या शेऱ्यांपैकीं २०० म्हणजे मागितलेलें दिलें. ४०४ म्हणजे अशी वस्तु आढळत नाहीं. कां आढळत नाहीं तें तो सांगत नाहीं. ४१० म्हणजे वस्तु येथें होती, आतां नाहीं, पुन्हां मागूं नये. ३०१ म्हणजे वस्तु कायमची हालविली आहे, नवा पत्ता अमुक. हें कळतांच वाचकाचा ब्राउझर न विचारतां नव्या पत्त्यावर जातो. ३०२ म्हणजे तूर्त दुसरीकडे आहे. आमच्या मतें ४०४ आणि ४१० यांतील भेद दफ्तरदारानें प्रामाणिकपणें पाळावा. संग्रह मालकानें परत नेला असेल तर तसें ४१० नें सांगावें. मुकाट्यानें ४०४ देणें म्हणजे येथें असें कांहीं कधीं नव्हतेंच, असा ग्रह करून देणें होय.

आमची चूक उघडकीस आली ती नोंदवहीमुळें. सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ लॉग नांवाच्या फाइलींत लिहितो. पेशवे दफ्तराशीं परिचित वाचकांनीं तिला रोजकीर्द म्हणावें. मागणाऱ्या यंत्राचा आंकडी पत्ता, दिवस व वेळ, काय मागितलें, कोणता शेरा दिला, किती अक्षरें पाठविलीं, असा तिचा क्रम असतो. विस्तृत पद्धतींत आणखी दोन रकाने येतात: वाचक कोणत्या पानावरून आला, आणि त्याचा ब्राउझर कोणता. यांपैकीं पहिल्या रकान्याचें नांव मोठें गमतीचें आहे. इंग्रजी ‘रेफरर’ या शब्दांतील एक ‘आर’ मूळ लेखकाच्या हातून सुटला. तसाच तो १९९६ च्या नियमपत्रांत गेला, आणि मग जगांतील सर्व सर्व्हरांनीं व ब्राउझरांनीं तो तसाच उचलला. आज शुद्ध अक्षरें लिहिलीं तर समजतच नाहीं. आद्य प्रतींतील लेखकप्रमाद सर्व वंशजांत उतरून पाठ म्हणून रूढ झाल्याचें इतकें स्वच्छ उदाहरण पोथ्यांतहि विरळा.

त्या रोजकीर्दींत आम्हांस त्याच एका जुन्या पत्त्याची मागणी पुनःपुन्हां दिसली आणि प्रत्येक वेळीं शेरा ४०४. ‘कोठून आला’ हा रकाना रिकामा, म्हणजे कोणत्याहि पानावरील दुव्यावरून ही मागणी आलेली दिसत नव्हती. यंत्रानें चालणारे शोधक-प्रोग्रामहि हा रकाना रिकामा ठेवतात, म्हणून प्रथम आम्हीं लक्ष दिलें नाहीं. मग एके दिवशीं दोन ओळी लागोपाठ दिसल्या: पहिलींत पत्त्यांतील एक अक्षर गळालेलें, आणि अर्ध्या मिनिटानें त्याच यंत्राकडून दुसरी, अक्षर दुरुस्त केलेली. यंत्र असें चुकत नाहीं आणि चुकलें तर असें सुधारीत नाहीं. कोणी वाचक आमचा अंक शेजारीं उघडा ठेवून टीपेंतील पत्ता अक्षर अक्षर पाहून लिहीत होता, आणि आम्ही त्याला असें कांहीं येथें नाहीं म्हणून परत पाठवीत होतों. अशीं माणसें किती आलीं असतील याचा हिशेब आमच्याजवळ नाहीं, कारण जुने लॉग ठराविक मुदतीनें आपोआप पुसले जातात व तीं मुदत आम्हीं कधीं वाढविली नव्हती. वाढवावी, अशी सूचना येथेंच करितों. कागदाच्या मानानें ही रोजकीर्द कांहींच जागा खात नाहीं.

मग जुने पत्ते सर्व मिळवून प्रत्येकाला नवा पत्ता जोडणें आलें. जुन्या रचनेची यादी आम्हीं राखली नव्हती. साधनें तीन: उरलेले लॉग, आमच्या अंकांतील टीपा, आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें २००१ पासून लोकांस खुला केलेला जुन्या पानांचा संग्रह. तिन्ही एकमेकांशीं ताडून पाहावीं लागलीं, कारण पाठभेद भरपूर. छापील टीपांत लांब पत्ता ओळीच्या शेवटीं तुटला कीं तेथें संयोगरेषा येते. ती पत्त्यांतली कीं छापखान्याची, हें दर वेळीं ठरवावें लागे. कांहीं ठिकाणीं पत्त्यानंतरचा पूर्णविराम पत्त्याचाच भाग म्हणून वाचला गेला होता. शेवटीं शुद्ध यादी तयार झाली आणि प्रत्येकासाठीं ‘रिडायरेक्ट परमनंट’ ही आज्ञा लिहिली.

येथें पाणिनीनें आम्हांस फसविलें. आम्हीं सवयीनें उत्सर्ग प्रथम लिहिला: जुन्या ‘शिवकालीन पत्रें’ फोल्डराखालील सर्व कांहीं नव्या सूचीच्या मुखपृष्ठाकडे न्यावें. त्याखालीं एकेका बाडाचे अपवाद लिहिले. परंतु ‘रिडायरेक्ट’ आज्ञांत परत्वाला किंवा विशेषाला बळ नाहीं. फाइलींत जी प्रथम जुळेल तीच चालते व पुढील वाचल्याच जात नाहींत. सबब सगळे वाचक मुखपृष्ठावर जाऊन पडूं लागले. अपवाद वर व उत्सर्ग सर्वांत खालीं, असा क्रम उलटल्यावर काम झालें. एकाच यंत्रावर अनेक नांवांचीं स्थळें असतील आणि मागणींतील नांव कोणत्याहि स्थळाशीं जुळलें नाहीं, तर तेथेंहि फाइलींतील पहिलेंच स्थळ उत्तर देतें. फाइल बदलल्यावर ‘कॉन्फिगटेस्ट’ चालवून व्याकरण तपासावें आणि मग ‘ग्रेसफुल’ पद्धतीनें सर्व्हरला ती पुन्हां वाचावयास लावावी, म्हणजे चालू मागण्या मध्येंच तुटत नाहींत. पण ही तपासणी केवळ व्याकरणाची. अर्थ चुकला असेल तर ती कांहीं बोलत नाहीं.

याच धांदलींत आणखी एक नुकसान झालें. ४४३ पोर्टावरून होणारा व्यवहार गुप्त लिपींत चालतो व त्यासाठीं स्थळाच्या ओळखीचें प्रमाणपत्र लागतें. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या डिसेंबरपासून तीं सर्वांस विनामूल्य देते. आमच्याकडे येतें त्याची मुदत नव्वद दिवसांची. नूतनीकरणापूर्वीं ती संस्था स्थळावरील एका ठराविक पत्त्यावर ठेवलेली खूण वाचून पाहते. आम्हीं घाईनें लिहिलेल्या एका सर्वग्राही आज्ञेनें ती खूणहि दुसरीकडे पाठविली. नूतनीकरण होईना, तक्रार कोणत्या फाइलींत लिहिली जाते तें कोणी पाहीना, आणि ऐन दिवाळींत मुदत संपून प्रत्येक वाचकास स्थळ विश्वासार्ह नाहीं असा इशारा दिसूं लागला. अशा प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचा ठराव एप्रिल २०२५ मध्यें झालेला आहे. म्हणजे हें काम हातानें करण्याचे दिवस सरले. यंत्रावर सोंपवावें व यंत्रावर लक्ष ठेवावें.

देवनागरी नांवांविषयीं प्रश्न नेहमीं येतो. पत्त्यांत देवनागरी चालते, पण नकलतांना तिचें रूपांतर होतें. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात व पत्त्यांत प्रत्येक बाइटाचीं तीन चिन्हें होतात. ‘मराठी’ या शब्दाचीं पांच चिन्हें अशा रीतीनें ४५ होतात, आणि तीं टीपेंत छापलीं तर कोणासहि वाचतां येत नाहींत. त्याहून अवघड गोष्ट ‘साताऱ्याचीं पत्रें’ या नांवाची. यांतील ‘ऱ्या’ हें जोडाक्षर युनिकोडांत एकाहून अधिक प्रकारें लिहितां येतें: ‘ऱ’ हें एकच चिन्ह घेऊन, ‘र’ खालीं नुक्ता देऊन, किंवा साध्या ‘र’ च्या हलन्तानंतर डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह घालून. पाहणाऱ्यास तिन्ही सारखीं. सर्व्हरला तीं तीन निराळीं नांवें. म्हणून पत्त्यांत आम्हीं रोमन लहान अक्षरें व आंकडे एवढेंच ठेविलें आहे. पानावरील मजकूर अर्थात् मराठींत, व तो यूटीएफ-८ आहे हें ‘ॲडडिफॉल्टकॅरसेट’ या आज्ञेनें सांगितलेलें.

दोन संग्रहांतील पानें एकाच पडद्यावर शेजारीं मांडून पाहतां यावीं, यासाठीं २०११ पासून कांहीं मोठ्या ग्रंथालयांनीं आयआयआयएफ नांवाची पद्धति वाढविली आहे. तिच्यांत पत्त्यांतच प्रतिमेचा कोणता भाग, किती मोठा व किती अंशांत फिरविलेला हवा हें लिहितात. परस्थळाच्या पानांस आमच्या प्रतिमा वाचूं देण्याची परवानगी मात्र सर्व्हरनें उत्तराबरोबर एका निराळ्या ओळींत द्यावी लागते. ती न दिल्यास प्रतिमा असूनहि चौकट रिकामी राहते. पाठचिकित्सकांनीं ही सोय अवश्य करून घ्यावी.

राहतां राहिली दुसऱ्या प्रतीची गोष्ट. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरांत संगणकी हल्ला झाला आणि तिच्या हस्तलिखितांच्या छायाप्रती कित्येक महिने कोणास पाहतां आल्या नाहींत, हें वाचकांस ठाऊक असेल. आमचें नुकसान हल्ल्यावांचून झालें. आम्ही रोज रात्रीं सर्व फाइलींची नक्कल दुसऱ्या यंत्रावर आरसिंक या प्रोग्रामानें करीत होतों, आणि तीस ‘डिलीट’ ही जोड दिली होती. म्हणजे मूळ जागीं जें नाहीं तें नकलेंतूनहि पुसावें. २०२१ च्या स्थलांतरांत दोन प्रतिमा गळाल्या, आणि त्याच रात्रीं नकलेंतूनहि गेल्या. आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हें कळावयास आम्हांस तीन वर्षें लागलीं. आतां तारीखवार प्रती निराळ्या राखतों, एक प्रत मंडळाबाहेर ठेवितों, आणि अधूनमधून एखादी परत उतरवून उघडते कीं नाहीं तें पाहतों.

कॉन्फिगरेशनच्या फाइलींत ज्या ओळीचा आरंभ पौंडाच्या खुणेनें, म्हणजे दोन उभ्या व दोन आडव्या रेघांच्या चौकटीनें, होतो ती सर्व्हर वाचीत नाहीं. ती माणसांसाठीं असते. आमच्या फाइलींत आतां प्रत्येक आज्ञेवर अशी एक ओळ आहे: कोणीं, कोणत्या दिवशीं, कां लिहिली. जुनें मोडून नवें लिहितांना जुनी ओळ तशीच राहते, तिच्यापुढें ती खूण करून. आमच्यामागून हें काम ज्याच्याकडे जाईल त्याला भाष्यावांचून सूत्रें वाचावीं लागूं नयेत.

गळालेल्या दोन प्रतिमा दुसऱ्या बाडांतील १७ व १८ या पानांच्या आहेत. मूळ पानें पुरांत गेलीं, आणि इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहांत त्या बाडाचीं पहिलीं बारा पानेंच सांपडलीं. १६ व्या पानाच्या शेवटीं एका महजराचा आरंभ आहे व १९ व्या पानावर साक्षीदारांचीं नांवें. मधला निवाडा आज कोठेंहि उपलब्ध नाहीं. ज्या संग्राहकांनीं किंवा अभ्यासकांनीं २०१६ ते २०२१ या काळांत मंडळाच्या संकेतस्थळावरून हीं बाडें आपल्या संगणकावर उतरवून घेतलीं असतील त्यांनीं कृपा करून आपल्या जुन्या फाइली पाहाव्या आणि या दोन प्रतिमा आढळल्यास मंडळाच्या चिटणिसांकडे पाठवाव्या. फाइलींच्या नांवांच्या शेवटीं ०१७ व ०१८ असे आंकडे आहेत. त्या दोन पत्त्यांवर तूर्त आम्हीं ४१० ऐवजीं ४०४ हाच शेरा ठेविला आहे, कारण त्या कायमच्या गेल्या असें लिहून देण्यास आम्ही अद्याप तयार नाहीं.